इंजिनाचा कर्णधार

मार्च संपत आला की आम्हां शिक्षकांची एक फेरी पुण्याच्या बुधवार पेठेत ठरलेली असते. प्रयोगशाळेचे अनुदान ३१ तारखेच्या आत खर्च झाले नाही तर ते परत जाते. म्हणून तपकीर गल्लीत वायर, बल्बहोल्डर आणि छोट्या मोटारी घ्यायच्या, मग अप्पा बळवंत चौकात येऊन तक्ते आणि पुस्तके घ्यायची, आणि शेवटी हातात उरलेला वेळ जुन्या पुस्तकांच्या ढिगापाशी घालवायचा, असा आमचा क्रम. पेशवाईतले सरदार अप्पा बळवंत मेहेंदळे यांच्या नावाचा हा चौक. महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांनी शाळा-कॉलेजची पुस्तके इथूनच नेली.

काही वर्षांपूर्वीच्या अशाच एका फेरीत ढिगातून एक पुस्तिका हाती लागली. मुखपृष्ठ गेलेले, कडा तेलाने काळ्या झालेल्या. १९५० च्या दशकातल्या एका इंग्लिश डिझेल ट्रॅक्टरची ती माहितीपुस्तिका होती. आकृत्या इतक्या सुबक की वर्गात दाखवण्यासाठी म्हणून आम्ही ती घेतली. आमच्या एका सहकाऱ्यांनी पाने चाळली आणि म्हणाले, "अहो, हा तर आमच्या घरचाच ट्रॅक्टर. आणि सध्या तो बिघडलाय."

त्यांचे घर पुरंदर तालुक्यात. ट्रॅक्टर वडिलांनी जुनाच विकत घेतलेला. नांगरटीला तो आता नेत नसत, पण मळणीला अजून कामाचा होता. गहू कापून खळ्यावर पडला होता, आकाशात ढग येऊ लागले होते, आणि ट्रॅक्टर मात्र "धापा टाकत" होता. म्हणजे असे : मोकळा चालू ठेवला की इंजिनाचा वेग आपोआप वाढे, मग एकदम उतरे, पुन्हा वाढे. कोणी लिव्हरला हात लावलेला नसताना हे आपले सुरूच.

इंजिनाचा वेग स्वतःच कमी-जास्त करणारा हा कोण, आणि तो बिघडला म्हणजे नेमके काय बिघडते, याचा शोध घेताना आम्ही दोनशे वर्षे मागे जाऊन आलो. त्या प्रवासाची ही हकिकत.

गव्हर्नर म्हणजे कोण?

गव्हर्नर म्हटले की पुणेकरांना गणेशखिंडीतली ती मनोऱ्याची इमारत आठवते. मुंबईच्या गव्हर्नरसाहेबांचे ते पावसाळी निवासस्थान. आज तिथे पुणे विद्यापीठ आहे. पण ट्रॅक्टरच्या मिस्त्रीला विचाराल तर तो इंधनपंपाच्या मागे बसवलेल्या एका डबीकडे बोट दाखवील. दोन्ही गव्हर्नर एकाच शब्दाचे वंशज आहेत. ग्रीक भाषेत नावेचे सुकाणू धरणाऱ्याला 'किबेर्नेतेस' म्हणत. लॅटिनमध्ये त्याचे 'गुबेर्नातोर' झाले आणि त्यावरून पुढे 'गव्हर्नर' आला. आपल्याकडेही हेच घडले आहे. संस्कृतात 'कर्ण' शब्दाचा एक अर्थ सुकाणू. ते धरणारा तो कर्णधार. आज आपण क्रिकेट संघाच्या प्रमुखाला कर्णधार म्हणतो तेव्हा नाव, पाणी, सुकाणू यांतले काहीच आपल्या मनात नसते.

सुकाणू धरणारा करतो काय? नाव उजवीकडे भरकटली की डावीकडे वळवतो, डावीकडे गेली की उजवीकडे. म्हणजे झालेली चूक पाहायची आणि तिच्या उलट दिशेने कृती करायची. इंजिनाचा गव्हर्नरही एवढेच करतो. वेग वाढला की इंधन कमी, वेग घटला की इंधन जास्त. शास्त्रीय परिभाषेत याला ऋण प्रत्याभरण म्हणतात. 'ऋण' अशासाठी की कृती चुकीच्या विरुद्ध दिशेची असते.

पवनचक्कीतून वाफेच्या इंजिनाकडे

या युक्तीचे श्रेय बहुतेक पाठ्यपुस्तकांत जेम्स वॅटला दिलेले असते. ते पूर्ण खरे नाही. वॅटच्या आधी युरोपातल्या पवनचक्क्यांत फिरत्या वजनांचे नियंत्रक वापरात होते. वारा वाढला की जाती वेगाने फिरत, मग दोन जात्यांमधले अंतर बदलावे लागे. ते काम दांड्यांना टांगलेली फिरती वजने करीत. टॉमस मीड याने १७८७ साली पवनचक्कीसाठी अशा नियंत्रकाचे पेटंटही घेतले होते.

१७८८ च्या मे महिन्यात वॅटचा भागीदार मॅथ्यू बोल्टन लंडनच्या अल्बियन मिलमध्ये गेला. वाफेवर चालणारी ती पिठाची प्रचंड गिरणी होती. तिथल्या जात्यांवर हा नियंत्रक पाहून त्याने वॅटला पत्राने कळवले. त्याच वर्षी वॅटने ती कल्पना वाफेच्या इंजिनाला लावली. त्या काळचे एक इंजिन लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आजही पाहायला मिळते. वॅटने या युक्तीचे पेटंट घेतले नाही. कल्पना आपली नव्हे, आपण फक्त ती नव्या जागी लावली, हे त्याला ठाऊक होते. पण जागा बदलली आणि इतिहास बदलला. तोवर वाफेच्या झडपेशी माणूस उभा असे. आता यंत्र स्वतःच स्वतःवर लक्ष ठेवू लागले.

रचना अगदी साधी आहे. उभ्या दांड्याला बिजागरीने दोन हात जोडलेले, प्रत्येकाच्या टोकाला लोखंडी गोळा. दांडा इंजिनाबरोबर फिरतो. वेग वाढला की गोळे बाहेर फाकतात आणि वर चढतात. त्यांच्याबरोबर एक कडे वर सरकते आणि वाफेची झडप थोडी मिटते. वेग कमी झाला की गोळे खाली येतात, झडप उघडते.

इथे एक गंमत मुलांना गणिताने दाखवता येते. हातांच्या वरच्या बिजागरीपासून गोळ्यांच्या पातळीपर्यंतची उभी उंची किती असेल? ती गोळ्यांच्या वजनावर अवलंबून नसते. ती फक्त वेगावर ठरते. मिनिटाला न फेरे असतील तर ही उंची, मीटरमध्ये, सुमारे ८९५ भागिले न चा वर्ग. मिनिटाला ६० फेऱ्यांना उंची येते सुमारे २५ सेंटिमीटर. १२० फेऱ्यांना ती चौथाई, म्हणजे सुमारे ६ सेंटिमीटर. ३०० फेऱ्यांना जेमतेम १ सेंटिमीटर. आणि १००० फेऱ्यांना? एक मिलिमीटरही नाही! म्हणजे वेगवान इंजिनात गोळे आधीच जवळजवळ आडवे झालेले असणार. वेग आणखी वाढला तरी त्यांना चढायला जागाच उरलेली नाही.

म्हणूनच वॅटचा गव्हर्नर संथ वाफेच्या इंजिनालाच शोभला. १८५८ च्या सुमारास चार्ल्स पोर्टर या अमेरिकी अभियंत्याने मधल्या कड्यावर एक जड वजन ठेवून त्याचा पल्ला वाढवला. १८७० च्या दशकात हार्टनेल याने गुरुत्वाकर्षणाचा नाद सोडून गोळ्यांच्या विरोधात स्प्रिंग लावली. आजच्या यांत्रिक गव्हर्नरमध्ये फिरती वजने आणि स्प्रिंग हीच जोडी असते.

सुधारलेली यंत्रे बिघडली कशी?

वॅटनंतर पन्नास-साठ वर्षांनी एक विचित्र अडचण पुढे आली. यंत्रे अधिक काटेकोर बनू लागली, बिजागऱ्यांतले घर्षण कमी झाले, इंजिने मोठी आणि वेगवान झाली. आणि गव्हर्नर नीट चालेनासे झाले! इंजिनाचा वेग सतत वर-खाली होऊ लागला. इंग्रज कारागिरांनी याला 'शिकार करणे' असा शब्द दिला, कारण यंत्र योग्य वेगाच्या मागे धावते आणि दर वेळी त्याला ओलांडून जाते. पुरंदरच्या ट्रॅक्टरचे "धापा टाकणे" ते हेच.

हे का घडते? समजा वेग वाढला. गव्हर्नरने इंधन कमी केले. पण इंजिनाला आणि जड चक्राला मंदावायला वेळ लागतो. तोवर गव्हर्नर इंधन आणखी कमी करत राहतो. वेग योग्य जागी पोचतो तेव्हा इंधन गरजेपेक्षा कमी झालेले असते, त्यामुळे वेग तिथे न थांबता खाली घसरतो. मग उलट दिशेने तोच खेळ. चूक दिसणे आणि दुरुस्ती पोचणे यांतल्या विलंबाचा हा परिणाम. आंघोळीच्या वेळी नळाचे गरम-गार पाणी जुळवताना आपण हेच करतो. पाणी गार लागले म्हणून गरम नळ सोडत जातो, आणि गरम पाणी पोचते तेव्हा पाठ पोळते.

ही अडचण फक्त कारखान्यांची नव्हती. ताऱ्यांच्या मागोमाग दुर्बीण फिरवणाऱ्या यंत्रणेतही गव्हर्नर असे, आणि इंग्लंडचे राजज्योतिषी जॉर्ज एअरी यांना तिथे हीच पीडा भेटली. १८४० साली त्यांनी तिच्यावर गणिती निबंध लिहिला. १८६८ साली जेम्स क्लर्क मॅक्सवेल यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे गव्हर्नरवरचा आपला निबंध मांडला. विद्युतचुंबकत्वाची समीकरणे देणारे तेच हे मॅक्सवेल. कोणत्या परिस्थितीत हेलकावे आपोआप विरतात आणि कोणत्या परिस्थितीत ते वाढत जातात, याच्या अटी त्यांनी समीकरणांतून काढल्या. १८७६ च्या सुमारास रशियाच्या विश्नेग्राद्स्की यांनी अभियंत्यांना थेट वापरता येईल अशा शब्दांत निष्कर्ष सांगितला : हेलकावे जिरवण्याची सोय नसेल तर गव्हर्नर भरवशाचा नाही. जुन्या यंत्रांत हे काम गंजलेल्या, कुरकुरणाऱ्या बिजागऱ्या नकळत करीत होत्या. घर्षण गेले आणि ती फुकटची सोयही गेली.

हा विचार यंत्रांपुरता राहिला नाही. आल्फ्रेड वॉलेस यांनी १८५८ साली नैसर्गिक निवडीवरचा आपला प्रसिद्ध निबंध डार्विनना पाठवला, त्यात निसर्गातल्या समतोलाला त्यांनी वाफेच्या इंजिनातल्या गव्हर्नरची उपमा दिली आहे. आणि १९४८ साली नॉर्बर्ट वीनर यांनी नियंत्रणाच्या नव्या शास्त्राला नाव शोधले तेव्हा मॅक्सवेलच्या निबंधाची आठवण ठेवून ते त्या ग्रीक सुकाणूवाल्याकडेच गेले. त्यांनी नाव दिले 'सायबरनेटिक्स'. आज जिथे-तिथे भेटणारा 'सायबर' हा उपसर्ग तिथून आला.

डिझेलला गव्हर्नर लागतोच

वाफेनंतर तेलाची इंजिने आली. १८९७ साली रुडॉल्फ डिझेल यांचे इंजिन यशस्वी ठरले. डिझेल इंजिनाची एक गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्यात हवा हवी तेवढी येते. ताकद ठरते ती फक्त दर फवाऱ्याला किती डिझेल जाते यावर. भार काढून घेतला आणि डिझेल तेवढेच राहिले, तर वेग वाढतच जातो. त्याला आवर घालणारे इंजिनात दुसरे काही नसते. म्हणून डिझेल इंजिनाला गव्हर्नर ही चैन नव्हे, तो प्राण आहे. १९२७ पासून जर्मनीत बॉश कंपनी असे इंधनपंप मोठ्या संख्येने बनवू लागली. आपल्याकडे बंगलोरला 'मायको' कारखाना १९५१ साली निघाला.

आमच्या भागाचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. साताऱ्याच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली. लोखंडी नांगरापासून सुरुवात करून १९१० साली किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणरावांच्या पुढच्या पिढीने, शंतनुरावांनी, १९४६ साली पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स हा कारखाना काढला. विहिरीवरचे आणि पिठाच्या गिरणीतले ते इंजिन आमच्या पिढीने कानांनी ओळखले आहे. गिरणीत दळण पडले की आवाज जड होई, दळण संपले की हलका. पण ठोक्यांची लय फारशी बदलत नसे. ती लय सांभाळणारा गव्हर्नरच. मग ट्रॅक्टर आले. आधी इंग्लंडहून फर्ग्युसन, फोर्डसन आले. १९६३ साली महिंद्र यांच्या भागीदारीत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि मुंबईत कांदिवलीला ट्रॅक्टर बनू लागले.

बुधवार पेठेतही गव्हर्नरची एक आठवण आहे. अप्पा बळवंत चौकात १९३४ साली उघडलेले प्रभात चित्रपटगृह हे बोलपटांच्या नव्या युगाचे अपत्य. मूकपट हाताने हँडल फिरवून दाखवले तरी प्रेक्षक थोडा वेगबदल चालवून घेत. बोलपट आले आणि सेकंदाला बरोबर २४ चित्रे गेलीच पाहिजेत असा दंडक आला. डोळा क्षमा करतो, कान करत नाही. ग्रामोफोनचेही तसेच. चावीच्या ग्रामोफोनचे झाकण उघडले तर पातळ पट्ट्यांवर बसवलेली शिशाची तीन छोटी वजने दिसतात. वेग वाढला की ती बाहेर फाकतात आणि एक चकती कातड्याच्या गादीवर घासू लागते. मिनिटाला ७८ फेरे राखणारा तो चिमुकला गव्हर्नर.

खळ्यावरचा पेच

आता पुन्हा पुरंदरकडे. पुस्तिका घेऊन आम्ही दोघे-तिघे रविवारी तिथे पोचलो. सहकाऱ्यांचे वडील, म्हणजे अण्णा, खळ्यावरच होते. गावातले मिस्त्री पाना घेऊन ट्रॅक्टरपाशी बसले होते.

"गव्हर्नरच्या मागं एक स्क्रू आहे," मिस्त्री म्हणाले. "तो दोन आटे आत घेतला की धापा थांबतील. मागं एका ट्रॅक्टरला असंच केलं होतं."

"मग घ्या की," अण्णा म्हणाले. "पावसाच्या आत गहू घरात आला पाहिजे."

मिस्त्रींचे म्हणणे पोकळ नव्हते. त्या ट्रॅक्टरचा गव्हर्नर फिरत्या वजनांचा नव्हता, हवेच्या ओढीवर चालणारा होता. इंजिन हवा घेते त्या नळीत एक अरुंद जागा आणि एक फिरती पाकळी असते. इंजिनाचा वेग वाढला की तिथली हवा जोरात धावते आणि दाब घटतो. एका बारीक नळीतून ही ओढ इंधनपंपामागच्या डबीत पोचते. डबीत कातड्याचा पडदा असतो. ओढ पडद्याला एका बाजूला खेचते आणि डिझेल कमी होते. पडद्यामागची स्प्रिंग उलट ढकलते आणि डिझेल वाढते. चालक लिव्हरने पाकळी फिरवतो, म्हणजे कोणता वेग हवा तेवढे सांगतो. बाकीचे पडदा आणि स्प्रिंग आपापसात ठरवतात. मिस्त्री म्हणत होते तो स्क्रू मंद वेगातले हेलकावे जिरवणाऱ्या छोट्या स्प्रिंगचा. विश्नेग्राद्स्कींना हवी असलेली सोय ती हीच. म्हणजे उपाय शास्त्राला धरून होता.

पण पुस्तिकेतला क्रम वेगळा होता. आधी डिझेलचा गाळणा आणि डिझेलच्या वाटेत शिरलेली हवा. मग लिव्हरचे दांडे-पिना सैल किंवा जाम आहेत का ते. मग बारीक नळीचे सांधे. मग पडदा. आणि सील केलेले स्क्रू अगदी शेवटी, तेही पंप बाकावर तपासताना. आम्ही मिस्त्रींना एवढेच विचारले, "हा ट्रॅक्टर आधी ठीक चालत होता. स्क्रू आपोआप फिरला नसेल. मग बदलले काय?"

मिस्त्रींनी क्षणभर विचार केला आणि पाना खाली ठेवला.

गाळणा स्वच्छ निघाला, पिना मोकळ्या. आणखी एक गोष्ट अण्णांच्या बोलण्यातून कळली. अलीकडे भार काढला की इंजिन पूर्वीपेक्षा फार जोराने पळते. हेलकावे आणि वाढलेला वेग, दोन्हींचे मिळून एकच कारण असू शकत होते : ओढ कुठेतरी गळते आहे. ओढ कमी पोचली की स्प्रिंग जिंकते आणि डिझेल वाढते.

याची परीक्षा इंजिन बंद ठेवून होते. बारीक नळी पाकळीच्या बाजूने सोडवायची. इंजिन बंद करण्याची लिव्हर ओढून डिझेलची दांडी बंद स्थितीला न्यायची. नळीचे तोंड अंगठ्याने घट्ट दाबायचे आणि लिव्हर सोडायची. पडदा धड असेल तर दांडी परत येताना अडकते, कारण डबीत हवा शिरायला वाट नसते. मिस्त्रींनी अंगठा दाबला, सहकाऱ्यांनी लिव्हर सोडली. दांडी सर्रकन मागे आली. नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने पाहिले, ते चांगले होते. डबी उघडली. कातडे वाळून कडक झाले होते आणि कडेला बोटाच्या पेराएवढी चीर गेली होती.

"स्क्रू आवळला असता तर धापा थांबल्या असत्या," मिस्त्री हळूच म्हणाले, "आणि चीर वाढत गेली असती."

यातला धोका समजून घ्यायला हवा. हेलकावे हे लक्षण होते, आणि तेवढे लक्षण झाकले गेले असते. मळणी यंत्र पट्ट्याने किंवा ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्याने चालते. या दांड्याचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे. मळणी चालू असताना पडदा पूर्ण फाटला असता तर डिझेल एकदम कमाल झाले असते. पेंढी संपून भार उतरताच वेग उसळला असता. फिरत्या भागांवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दहा टक्के वाढला तर ताण एकवीस टक्के. वेग दीडपट झाला तर ताण सव्वादोन पट. आणि पेंढ्या सारणाऱ्याचा हात यंत्राच्या तोंडापाशी. मळणी यंत्रांनी देशभर इतके हात नेले की त्यासाठी १९८३ साली संसदेला धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला.

अण्णा काही वेळ चिरलेल्या कातड्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "ताडपत्री आणा."

पडदा पुण्याहून यायला दोन दिवस लागले. मधल्या रात्री वळवाची सर आली आणि कडेच्या पेंढ्या भिजल्या. चारेक पोती गव्हाचा रंग गेला. तिसऱ्या दिवशी मळणी झाली. नवा पडदा बसल्यावर इंजिन एका लयीत चालले. स्क्रूला कोणी हात लावला नाही. भिजलेल्या गव्हाबद्दल अण्णांनी पुढे कधी बोलून दाखवले नाही. पण तो त्यांचा गहू होता, आमचा नव्हता, हे आम्ही विसरू नये.

नीट चालणारा गव्हर्नरही

एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल. गव्हर्नर चांगला असेल तर वेग अजिबात बदलत नाही का? बदलतो. भार वाढला की जास्त डिझेल हवे, आणि जास्त डिझेल मिळायला वजने (किंवा पडदा) नव्या जागी स्थिर व्हायला हवीत, म्हणजे वेग थोडा कमीच राहायला हवा. समजा पूर्ण भाराला २००० फेरे असतील तर भार काढल्यावर ते २१६० वर स्थिरावतील. हा आठ टक्क्यांचा फरक बिघाड नव्हे, स्वभाव आहे. शेताला तो चालतो. वीज बनवणाऱ्या जनित्राला इतका चालत नाही. चार ध्रुवांचे जनित्र मिनिटाला १५०० फेरे फिरले तरच ५० हर्ट्झची वीज मिळते, म्हणून तिथला गव्हर्नर अधिक काटेकोर लागतो. तेव्हा "इंजिनाचा वेग बदलतो" अशी तक्रार आली की पहिला प्रश्न हा : बदलून स्थिर होतो की हेलकावत राहतो?

वर्गात करून पाहा

१. बॉलपेनच्या रिकाम्या नळीतून दोरा ओवा. खालच्या टोकाला लोखंडी नट बांधा, वरचे टोक नळीपाशी चिमटीत पकडा. दोऱ्याची मोकळी लांबी ३० सेंटिमीटर ठेवा आणि नट आडव्या वर्तुळात फिरवा. नळीच्या तोंडापासून नटाच्या पातळीपर्यंतची उभी उंची साधारण २५ सेंटिमीटर असेल तेव्हा २० फेऱ्यांना किती सेकंद लागतात ते मोजा. उत्तर २० च्या आसपास यावे. आता एकाऐवजी दोन नट बांधून पुन्हा मोजा. काय बदलले?

२. फरशीवर खडूने सरळ रेघ काढा. एका मुलाचे डोळे बांधून त्याला रेघेवरून चालायला सांगा. दुसऱ्याने फक्त "डावीकडे", "उजवीकडे" म्हणायचे. मग हाच खेळ असा खेळा की प्रत्येक सूचना तीन आकडे मोजून झाल्यावरच द्यायची. चालणाऱ्याच्या पावलांचा नकाशा काढा. विलंबातून हेलकावे कसे जन्मतात ते मुलांना न सांगता कळेल.

३. सुई नसलेली मोठी सिरिंज घ्या. दट्ट्या पूर्ण आत ढकला, तोंड बोटाने बंद करा, दट्ट्या थोडा ओढा आणि सोडा. तो परत जातो. आता बोट किंचित सैल ठेवून हेच करा. खळ्यावर मिस्त्रींच्या अंगठ्याने घेतलेली परीक्षा ती हीच.

चालू इंजिनापाशी मात्र मुलांना प्रयोग करू देऊ नका. गव्हर्नर पाहायचा तो बंद यंत्रात.

ती पुस्तिका आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. तिच्या समासात कोणा जुन्या मालकाने पेन्सिलीने एक खूण केली आहे, नेमकी पडद्याच्या आकृतीपाशी. तुमच्या गावात गिरणी असेल, विहिरीवर जुने इंजिन असेल, मळणी यंत्र असेल. मुलांना घेऊन जा, तिथल्या मिस्त्रींना गव्हर्नर दाखवायला सांगा, आणि तो बिघडला की ते आधी काय पाहतात ते विचारा. त्यांच्या उत्तरांची वही ठेवा.